तीन मिलिमीटर

सरांच्या खोलीत जायचं तर अंगावरचं लोखंड बाहेर काढून ठेवावं लागे. दाराशी एका स्टुलावर त्यासाठी लाकडी काठवट ठेवलेली असे. किल्ल्या, चाकू, कमरेचा पट्टा, छत्री, सगळं तिच्यात. सांगलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून मी रुजू झाले त्या दिवशी सरांनी माझं नावही विचारलं नाही.

"केसांत काय आहे?" ते म्हणाले.

"आकडे."

"किती?"

"सहा असतील."

"असतील म्हणजे? काढून मोजा."

सात निघाले. सरांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा आकड्यांकडे पाहिलं, आणि मला आत घेतलं. त्या दिवसापासून मी दोऱ्यानं अंबाडा बांधायला शिकले, आणि निऱ्यांना पिन न लावता साडी नेसायलाही. माझं माहेर पाटणच्या वरच्या अंगाला. वडील सुभेदार होऊन परत आलेले. कवायतीची शिस्त मी घरात पाहिली होती, पण आकड्यांच्या मोजदादीची शिस्त मला नवीन होती.

प्राचार्य एकदा पाहुण्यांना घेऊन खोली दाखवायला आले. सरांनी सगळ्यांदेखत त्यांना पट्टा काढायला सांगितला, कारण बक्कल लोखंडाचं होतं. प्राचार्यांनी पट्टा काढला नाही. तेव्हापासून त्यांना सरांशी काही बोलायचं असलं की ते उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलत.

सरांच्या सदऱ्याच्या खिशात नालाच्या आकाराचा एक लोहचुंबक असे, त्याला तांबडा दोरा बांधलेला. कृष्णेच्या घाटावर गेले की ते दोऱ्याला धरून तो वाळूतून ओढत न्यायचे. चुंबकाला काळ्या वाळूची दाढी फुटे. ती कागदाच्या पुडीत घालायची, पुडीवर घाटाचं नाव आणि वार लिहायचा, आणि पुडी टेबलावर आणून ठेवायची. टेबलावर अशा दीडदोनशे पुड्या होत्या. कॉलेजसमोरच्या हॉटेलात त्यांनी एकदा चहाच्या पावडरीतून चुंबक फिरवला आणि त्याला चिकटलेला लोखंडाचा कीस मालकाला दाखवला. मालक शांतपणे म्हणाला, "सर, तुमी चा तरी प्या, न्हाईतर चुंबक तरी फिरवा. दोनी एका टेबलावर जमायचं न्हाई." सरांना ते पटलं. त्यांनी चहा सोडला.

त्यांचं घर साताऱ्यात. वहिनी तिथं मुलींच्या शाळेत शिकवायच्या. शनिवारी दुपारच्या गाडीनं सर साताऱ्याला जात आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत येत. मी एकदा त्यांच्याकडे गेले होते तेव्हा वहिनी म्हणाल्या, "यांना आमचं लग्न किती वाजता लागलं ते विचारा. मांडवातल्या चार घड्याळांची सरासरी सांगतील." सरांनी ती सांगितलीही, सेकंदांसकट. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी सरांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

वहिनींच्या लग्नातल्या शालूचा एक रेशमी तंतू आमच्या यंत्रात होता.

यंत्र सरांनी स्वतः बांधलं होतं. त्या तंतूला अगदी लहान चुंबकसुई टांगलेली आणि सुईला करंगळीच्या नखाएवढा आरसा चिकटवलेला. आरशावर दिव्याची तिरीप सोडायची. ती उलटून समोरच्या भिंतीवरच्या मोजपट्टीवर प्रकाशाचा ठिपका पडे. सुईच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्यात काचेची नळी आणि नळीत तपासायची भुकटी. तारेतून वीज सोडली की भुकटी चुंबक व्हायची, सुई तिच्याकडे वळायची आणि भिंतीवरचा ठिपका सरकायचा. किती मिलिमीटर सरकला ते लिहायचं. वीज बंद केली की किती परत आला तेही लिहायचं. बस्स, एवढंच मोजमाप. पण रस्त्यानं ट्रक गेला तरी ठिपका थरथरे, आणि माझ्या केसांतला एक आकडा त्याला दोन बोटं हलवू शके. म्हणून ती काठवट.

आमची भुकटी म्हणजे लोखंडाच्या क्षारांपासून केलेलं काळं ऑक्साइड. कण इतके बारीक की चांगल्या सूक्ष्मदर्शकालाही दिसायचे नाहीत. आता त्यांना नॅनोकण म्हणतात. आम्ही तेव्हा नुसतं 'बारीक' म्हणत असू. हे कण काय करतात ते सरांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं.

"जाड कण म्हणजे तुमच्या वडिलांच्या पलटणीतले जवान. सावधान म्हटलं की उभे राहतात, आणि हुकूम देणारा निघून गेला तरी उभेच. चुंबक काढून घेतला तरी ते थोडे चुंबक राहतात. हे बारीक कण म्हणजे बालवाडीतली पोरं. बाई समोर असेपर्यंत रांगेत. बाईंनी पाठ फिरवली की कोण कुठं तोंड करेल सांगता येत नाही. त्यांना हलवतं कोण? उष्णता. खोलीत असते तेवढी उष्णतासुद्धा त्यांना पुरते."

"आणि थंड केले तर?"

"तर गारठून जागच्या जागी बसतील. तेच दाखवायचंय आपल्याला. खोलीत वीज बंद केली की ठिपका पुरा शून्यावर यायला हवा, आणि खूप थंडीत तो परत यायला नको."

हे दाखवण्यासाठी आमच्याकडे दिवाळीपर्यंतचा वेळ होता. प्राचार्यांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकलं होतं की दिवाळीनंतर ही खोली एन.सी.सी.च्या रायफली ठेवायला जाणार. सरांच्या खोलीत चाळीस रायफली! त्या कल्पनेनं सरांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं.

आता मला माझं सांगायला हवं.

मे महिन्याच्या सुट्टीत सर साताऱ्याला होते आणि मी एकटी खोली आवरत होते. भुकटीचा नमुना सरांनी सुट्टीआधी तयार करून, मेणात घोळून, नळीत भरून ठेवला होता. यंत्रात तो एकदाही घातलेला नव्हता. नळी माझ्या हातून निसटली आणि टेबलाखालच्या शहाबादी फरशीवर फुटली. मेण उन्हाळ्यानं मऊ झालेलं होतं. ते फरशीला चिकटून पसरलं. माझी नोकरी तात्पुरती होती आणि दर जूनला सरांच्या एका चिठ्ठीवर पुढं चालू होत असे. घरी लग्नाची बोलणी चालली होती आणि नोकरी हेच ती लांबवायचं माझ्याकडचं एकमेव कारण होतं. मी पत्त्याच्या पानानं ते मेण खरवडलं, काचा वेचून काढल्या, मेण वितळवून दुसऱ्या नळीत भरलं आणि जुन्या नळीवरची चिठ्ठी हलक्या हातानं सोडवून नव्या नळीला चिकटवली. फरशी पुसली. कुणाला काही सांगितलं नाही.

जूनमध्ये सरांनी तो नमुना यंत्रात घातला. वीज सोडली. ठिपका एकशे चाळीस मिलिमीटर सरकला. सरांनी वीज बंद केली. ठिपका झरझर परत आला आणि शून्याच्या अलीकडे थांबला.

"किती?" सर म्हणाले.

"तीन."

"पुन्हा."

पुन्हा तीन. दहा वेळा केलं, दहाही वेळा तीन.

दुसऱ्या कुणी ते तीन मिलिमीटर सोडून दिले असते. एकशे चाळिसात तीन म्हणजे काय, असं म्हणून पेपर लिहिला असता. सरांना ते जमेना. त्यांनी सुईचा तंतू बदलला. टेबलाचे खिळे उपटून लाकडी खुंट्या ठोकल्या. कपाट व्हरांड्यात काढलं. स्वतःच्या चपलांना चुंबक लावून पाहिला. एकदा खिडकीचे गज कापायला लोहार बोलावला होता, त्याला प्राचार्यांनी फाटकातूनच परत पाठवलं. ठिपका तीनवरच. नमुना त्यांनी स्वतःच्या हातानं केलेला, म्हणून तेवढ्यावर त्यांनी संशय घेतला नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. शनिवारी सर साताऱ्याला जाईनासे झाले. "हे सुटल्याशिवाय घरी जाऊन काय करू?" म्हणाले. दाढी वाढली, सदरे मळले. वर्गात शिकवताना मध्येच थांबून ते फळ्याच्या कोपऱ्यात तीनचा आकडा काढत आणि पुसून टाकत.

मला रोज वाटे, आज सांगावं. पण जूनमध्ये सांगितलं नाही म्हणून जुलैत सांगणं अवघड झालं, आणि ऑगस्टमध्ये त्याहून अवघड. शिवाय मी मनाशी धरून बसले होते की माझ्यामुळं सगळाच प्रयोग नासलाय. ते तीन मिलिमीटर असोत की एकशे चाळीस, काहीच खरं नाही, आणि हे कळलं की सर कोसळतील.

दिवाळी दोन आठवड्यांवर आली तेव्हा सर म्हणाले, "तीन तर तीन. थंडीतलं वाचन घेऊन टाकू. मग त्यांच्या रायफली येऊ देत."

एवढी थंडी मिळणार कुठून? त्याचा शोध सरांनी आधीच लावला होता. इस्लामपूरच्या बाजूला जनावरांच्या पैदाशीचं एक केंद्र नुकतंच निघालं होतं. तिथं बैलाचं वीर्य गोठवून ठेवायला द्रव नायट्रोजन येई. तिथले डॉक्टर सरांचे विद्यार्थी. सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं तिथं गेलो. डॉक्टरांनी एक शब्द न विचारता ॲल्युमिनियमची कॅन भरून दिली. तिथला शिपाई मात्र आम्हांला फाटकापर्यंत पोचवायला आला.

"ह्येच्यात बोट घालू नगा, सर. काडीवानी मोडंल. आन् टोपण घट्ट लावू नगा. लय झालं तर तीन दिस टिकंल, मग समदं हवेत."

परतीच्या गाडीत चढलो. कॅनच्या सैल टोपणातून पांढरी वाफ निघत होती. कंडक्टर पुढून चालत आला.

"आवं, ह्ये काय धूर निगतुया? काय हाय ह्येच्यात?"

"द्रवरूप नायट्रोजन," सर म्हणाले. "उणे एकशे शहाण्णव अंश."

"न्हाई चालायचं. उतरा."

"अहो, हा पेटत नाही. आपण श्वास घेतो त्या हवेत पाचातले चार भाग हाच असतो. फक्त बंद केला तर फुटतो."

'फुटतो' म्हटल्याबरोबर पुढच्या दोन बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. पुढची गाडी दोन तासांनी होती, ऊन चढत होतं आणि कॅनमधली थंडी मिनिटामिनिटाला उडून चालली होती.

"मामा," मी म्हणाले, "बैलाचं बी आहे यात. जर्सीचं. सांगलीच्या दवाखान्यात पोचवायचंय. उशीर झाला तर वाया जाईल."

कंडक्टरनं दोरी सोडली. "मग आदी सांगायचं न्हाई व्हय? आमच्या गाईला बी त्येच केल्तं. काय कालवड झालीया म्हणून सांगू." मग मागं वळून म्हणाला, "सरका रं गड्या, बाईस्नी जागा द्या. आन् बिड्या इजवा समद्यांनी."

गाडी सुटली. सरांनी कॅन दोन्ही पायांच्या मध्ये धरली होती. थोड्या वेळानं ते म्हणाले, "तुम्ही खोटं फार सहज बोलता, बाई."

त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. मोजपट्टीवरचं वाचन सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. पण मी जे पाच महिने दाबून ठेवलं होतं ते तिथंच वर आलं. मी खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत सगळं सांगून टाकलं. नळी, मेण, पत्त्याचं पान, चिठ्ठी. त्यांच्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

"वार कोणता?" सर म्हणाले.

"मंगळवार."

"फरशी कुठली?"

"तुमच्या टेबलाखालची."

"झाडली होती?"

"आधी नाही. नंतर पुसली."

सरांनी पायांमधली कॅन नीट धरली. मग अगदी सावकाश बोलले, "त्या टेबलावर मी वाळूच्या पुड्या सोडतो. नदीची काळी वाळू. खाली सांडतेच. ती जाड असते, बाई. चुंबक काढला तरी ती चुंबक राहते."

एवढं बोलून त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. मला वाटलं, रडतायत. हात काढले तेव्हा डोळे खरंच ओले होते, पण चेहरा मी पाच महिन्यांत पाहिला नव्हता इतका मोकळा दिसत होता.

"ती आपली पोरं नव्हती," ते म्हणाले. "ते जवान होते. तीन मिलिमीटरचे जवान."

"म्हणजे प्रयोग नासला नाही?"

"एक नमुना नासला. यंत्र बरोबर आहे. मी बरोबर आहे. वाळू सांडणारा मीच, आणि ती भरणाऱ्या तुम्ही."

मला एकदम इतकं हलकं वाटलं की पुढच्या बाकाची दांडी घट्ट धरावी लागली. पण सांगलीच्या स्टँडवर उतरल्यावर सर थांबले. "हे जूनमध्ये सांगितलं असतंत तर चार दिवसांत सुटलं असतं. कित्येक शनिवार मी घरी गेलो नाही. मला राग आलाय, बाई. तो आजचा दिवस राहील. तुम्ही अमोनिया काढून ठेवा, मी येतो."

त्या दुपारी सर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. क्षारांच्या द्रावणात अमोनिया ओतून आम्ही काळ्या भुकटीचा नवा साका पाडला. मी तो ऊर्ध्वपातित पाण्यानं धूत होते आणि सर खोलीतली फरशी स्वतः पाण्यानं धूत होते, गुडघ्यांवर बसून, कोपऱ्याकोपऱ्यातून. वाळूच्या सगळ्या पुड्या व्हरांड्यातल्या कपाटात गेल्या. सकाळी मी आले तेव्हा त्यांनी प्रयोगवही माझ्यापुढं ठेवली.

"मे महिन्याचं पान कोरं आहे. जे झालं ते लिहा."

मी लिहिलं. नळी फुटली, मेण खरवडून भरलं, भीती वाटली, सांगितलं नाही. सरांनी वाचलं. त्यांची पेन्सिल 'भीती वाटली'वर जाऊन थांबली.

"हे प्रयोगवहीत येत नाही," ते म्हणाले. जरा विचार केला आणि पेन्सिल खाली ठेवली. "राहू द्या. झालं होतंच ते." आणि खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला, रस्ता जागा व्हायच्या आत, आम्ही नवा नमुना यंत्रात घातला. कॅन हलवून पाहिली तर तळाशी थोडंच हिंदकळलं. आधी खोलीतलं वाचन. वीज सोडली, ठिपका एकशे बत्तिसावर. वीज बंद केली. ठिपका परत निघाला, शून्याजवळ आला, किंचित पलीकडे गेला, मागे आला आणि शून्याच्या रेघेवर स्थिर झाला. मी मोजपट्टीला नाक लावून पाहिलं.

"शून्य," मी म्हणाले.

"तुम्ही खटका दाबा. मी वाचतो."

त्यांनी वाचलं, मी वाचलं, पुन्हा त्यांनी वाचलं. शून्य.

मग नळीभोवती थर्मासची आतली काच चढवली आणि कॅन उपडी करून उरलेला सगळा नायट्रोजन तिच्यात ओतला. खोलीभर धुकं झालं. वीज सोडली. सर मनातल्या मनात साठपर्यंत मोजत होते; त्यांचे ओठ हलत होते. बंद केली. ठिपका मागे निघाला आणि एक्केचाळिसावर उभा राहिला. हलेना. कणांना कुणी धरून ठेवलेलं नव्हतं, तरी ते जागचे हलत नव्हते.

त्यापुढचा अर्धा तास आम्ही काही केलं नाही. नायट्रोजन उडत गेला, नळी हळूहळू खोलीच्या हवेला आली आणि भिंतीवरचा तो ठिपका आपला आपण शून्याकडे चालत राहिला. तीस. बावीस. बारा. दर मिनिटाला मी आकडा लिहीत होते. शेवटचे तीन मिलिमीटर त्यानं फार सावकाश ओलांडले. सर खाली फरशीवर बसून बघत होते.

पुढं त्यावरचा पेपर छापून आला. त्यात पहिला नमुना वाळू मिसळल्यामुळे बाद केल्याचं एक वाक्य होतं आणि नमुने तयार करणारी म्हणून माझं नाव सरांच्या नावाशेजारी होतं. त्याआधीच, पेपरचा मसुदा हातात आल्यावर, प्राचार्यांनी रायफलींसाठी जिमखान्याच्या मागची खोली शोधली. माझी नोकरी कायम झाली, आणि लग्नाची बोलणी मला हवी तेवढी लांबली. सर पुन्हा शनिवारी साताऱ्याला जाऊ लागले. हे सगळं पुढं सावकाश झालं.

त्या सकाळी मात्र शून्याचं शेवटचं वाचन लिहून मी मागे वळले तर सर फरशीवर आडवे झाले होते. हाताची उशी, पाय पोटाशी. मी हाक मारली. ते गाढ झोपले होते. मी दिवा मालवला, दार ओढून घेतलं.

अकरा वाजता त्यांचा तास होता. डेमॉन्स्ट्रेटरनं तास घ्यायची पद्धत नव्हती. तरी मी खडू घेऊन वर्गात गेले. वर्ग सरांच्या खोलीला लागूनच, मध्ये एक भिंत. नव्वद मुलं उभी राहिली. वाळवा तालुक्यातला एक उंच मुलगा म्हणाला, "बाई, सर कुठं हायत?"

"झोपलेत," मी भिंतीकडे हात केला. "पलीकडे."

कुणी हसलं नाही. पाच महिने ती मुलं सरांना बघत होती. ती एकेक करून खाली बसली, बाकाचा आवाज होऊ नये म्हणून हातानं बाक धरून. मी फळ्यावर हलक्या हातानं शीर्षक लिहिलं आणि बोलायला लागले. शेवटच्या बाकावरच्या मुलाला काहीतरी ऐकू आलं नाही. त्यानं तसं ओरडून सांगितलं नाही. तो उठून चवड्यांवर चालत पुढं आला, पहिल्या बाकाशेजारी जमिनीवर बसला आणि वही उघडली.